पहिलं रिमोटचं विमान घेताय? फायटर जेट नको, उंच पंखाचं संथ विमान घ्या

उमरठ (ता. पोलादपूर) : गावठाणाच्या मोजणीला ड्रोन आला, लग्नाच्या शूटिंगला ड्रोन आला. आता गावातली पोरं मोबाइलवर रिमोटची विमानं बघतात आणि घरच्यांच्या मागे लागतात. कुणी मुंबईतल्या काकाला सांगतं, गणपतीला येताना घेऊन या. काका बिचारा ऑनलाइन बघतो, लढाऊ विमानाचा झकास फोटो दिसतो आणि तेच मागवतो. बहुतेक वेळा ते विमान पहिल्याच सकाळी आंब्याच्या झाडात नाहीतर बांधावर आपटून संपतं.

यात पोराचा दोष नसतो, निवड चुकलेली असते. चांगल्या विमानाचा पूर्ण संच दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो. आपल्याकडे ही रक्कम लहान नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी हे वाचा.

थेट उत्तर आधी सांगतो. पहिलं विमान असं असावं : पंख धडाच्या वर बसवलेला, पंखाची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ ते १.४ मीटर, फोमचं, बॅटरीवर चालणारं, तीन किंवा चार चॅनेलचं आणि सगळं मिळून एक किलोच्या आत. दिसायला साधं, थोडं बावळट. पण उडतं.

ड्रोन वेगळा, विमान वेगळं

बऱ्याच जणांना वाटतं की ड्रोन चालवता आला म्हणजे विमानही येईल. तसं नाही. ड्रोनच्या काठ्या सोडल्या तर चांगला ड्रोन हवेत जागेवर थांबतो. विमानाला थांबता येत नाही. पंखावरून हवा वाहत राहिली तरच ते वर राहतं. वेग एका मर्यादेखाली गेला की पंख हवा सोडतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. याला स्टॉल म्हणतात. नवशिक्याचं विमान पडण्याचं हे मोठं कारण. विमान खाली यायला लागलं की घाबरून माणूस नाक वर ओढतो, त्यामुळे वेग आणखी कमी होतो आणि व्हायचं ते होतं.

म्हणजे नवशिक्याला असं विमान हवं जे अगदी कमी वेगातही हवा सोडत नाही. त्याचा हिशोब घरी करता येतो. पंखाची लांबी आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि शंभराने भागा. म्हणजे दहा बाय दहा सेंटीमीटरचे किती चौकोन आहेत ते कळलं. आता बॅटरीसकट वजनाला त्या आकड्याने भागा. एक मीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद पंख म्हणजे २० चौकोन. वजन ६०० ग्रॅम असेल तर एका चौकोनावर ३० ग्रॅम आले. हे झकास. ३५ पर्यंत चालेल. लढाऊ विमानाच्या नमुन्यात पंख तोकडे असतात. समजा १५ चौकोन आणि ८०० ग्रॅम वजन, म्हणजे ५३ ग्रॅम. असं विमान हवेत राहण्यासाठी जोरात पळतं, आणि जोरात पळणारं विमान नवशिक्याच्या हाताला आवरत नाही. जाहिरातीत पंखाची लांबी आणि वजन दिलेलं असतं. रुंदी नसेल तर विक्रेत्याला विचारा. सांगत नसेल तर दुसरीकडे बघा.

आकार बघून ओळखायचं कसं?

पंख वर असलेलं विमान जास्त स्थिर असतं. हलकंसं कलंडलं तरी ते सरळ व्हायला बघतं. समोरून पाहिल्यावर दोन्ही पंख टोकांकडे थोडे वर गेलेले, अगदी पसरट ‘व्ही’सारखे दिसले तर आणखी चांगलं. काठी सोडली की असं विमान बऱ्यापैकी आपलं आपण सावरतं. खालच्या बाजूला पंख असलेली, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांसारखी मॉडेलं फार सुंदर दिसतात. ती तिसरं विमान म्हणून घ्या.

इंजिन कुठे आहे हेही बघा. काही विमानांचा प्रोपेलर नाकावर असतो, काहींचा पंखाच्या मागे. मागे असेल तर नाकावर पडलं तरी मोटर आणि प्रोपेलर वाचतात आणि फक्त फोम चेपतो. बिक्सलर, ईझीस्टार, एरोस्काउट, रेंजर ही नावं इंटरनेटवर दिसतील. ती सगळी याच मागच्या प्रोपेलरच्या घराण्यातली आहेत. नेमकं तेच मॉडेल मिळालं नाही तरी त्या आकाराचं घ्या. आपल्याकडे खाचरांचे बांध, दगड आणि खोडकं असताना मागचा प्रोपेलर सोयीचा, असं माझं मत.

चॅनेल म्हणजे रिमोटवरून किती गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात ते. दोन चॅनेलच्या खेळण्यात दोन मोटरी असतात. एकीचा वेग कमी केला की विमान वळतं. नाक वर-खाली करायची सोय नसते. जत्रेत किंवा ऑनलाइन दीड-दोन हजारात मिळतात ती बहुतेक हीच. आठ-दहा वर्षांच्या पोराला मजा म्हणून ठीक आहे. पण जरा वारा सुटला की ते कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि त्यावर शिकलेलं पुढे फार उपयोगी पडत नाही. तीन चॅनेलमध्ये मोटरचा वेग, नाक वर-खाली आणि डावं-उजवं एवढं येतं. शिकायला हे पुरेसं आहे. चौथ्या चॅनेलने पंखावरच्या पट्ट्या हलतात. चार असतील तर उत्तम, तीन असतील तर कमीपणा मानू नका.

आता छोट्या विमानांविषयी. अर्धा मीटर पंखाची, शंभरेक ग्रॅमची विमानं मिळतात. त्यात जायरो असतो, म्हणजे विमान कलंडलं की ते आपोआप सरळ केलं जातं. शिकायला सोपी, पडली तरी सहसा काही होत नाही. पण उमरठच्या आजूबाजूला दोन्हीकडे डोंगर आहेत. खोऱ्यातून वारा फिरतो आणि हे पाखरू त्यात उडून जातं. शाळेच्या मैदानात, वारा अजिबात नसताना उडवणार असाल तरच घ्या.

पेट्रोलवर किंवा त्या खास इंधनावर चालणारी इंजिनं आणि बाल्सा लाकडाची विमानं यांच्या वाट्याला सुरुवातीला जाऊ नका. बाल्साचं विमान पडलं तर महिनाभर दुरुस्ती. फोमचं पडलं तर संध्याकाळपर्यंत तयार.

पैसे कुठे घालायचे?

बहुतेक लोक इथे उलटं करतात. विमान महागडं घेतात आणि रिमोट, चार्जर स्वस्तातला. विमान कधी ना कधी पडणारच. ते पहिल्या वर्षात दोनदा-तीनदा बदलेल. रिमोट आणि चार्जर मात्र दहा वर्षं चालतात आणि पुढच्या प्रत्येक विमानाला लागतात. म्हणून पैसा रिमोट आणि चार्जरमध्ये घाला.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, सहा चॅनेलचा घ्या. भारतात नवशिके बहुतेक फ्लायस्कायचा एफएस-आय६ घेतात. रिसीव्हरसकट साधारण पाच हजारांच्या आसपास मिळतो. घेताना ‘मोड २’ आहे ना ते विचारा. मोड २ मध्ये मोटरचा वेग डाव्या काठीवर असतो, मोड १ मध्ये उजव्या. एकदा एकाची सवय लागली की दुसरा हातात घेताच विमान पडतं. आसपास कुणी उडवत असेल तर त्याच्याकडे जो मोड आहे तोच घ्या, म्हणजे वेळेला तो रिमोट हातात घेऊन तुमचं विमान वाचवेल.

पूर्ण तयार संच साधारण बारा ते वीस हजारांत जातो. हात चालणारा माणूस असेल तर घरी बनवणं परवडतं, आणि मला विचाराल तर हाच मार्ग चांगला. रिमोट पाच हजार, मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा ईएससी म्हणतात तो भाग मिळून हजारेक, चार छोट्या सर्वो मोटरी पाचशे, बॅटरी दीड-दोन हजार, चार्जर दीड हजार, फोमशीट, प्रोपेलर, तारा, गोंद वगैरे हजार. अकरा हजारांच्या आसपास बेरीज होते. दुकानाप्रमाणे मागेपुढे होईल. फायदा असा की पहिलं विमान पूर्ण मोडलं तरी आतलं सामान बहुतेक वाचतं आणि नवीन धड-पंख तीन-चारशे रुपयांच्या फोममध्ये उभे राहतात. फ्लाइट टेस्ट नावाचा अमेरिकेतला गट आपल्या विमानांचे नकाशे इंटरनेटवर फुकट देतो. त्यातलं ‘टायनी ट्रेनर’ किंवा ‘सिंपल कब’ नवशिक्यासाठीच आहे. नकाशा महाडला झेरॉक्सवाल्याकडे काढून घेता येतो, पण तो मूळ मापातच काढायला सांगा.

एक लक्षात ठेवा. साध्या पांढऱ्या थर्माकोलवर फेविक्विक लावलं तर थर्माकोल विरघळतो, खड्डा पडतो. तिथे ग्लू गन वापरा, तीही फार तापवू नका. तयार विमानांचा जो चिवट, रबरासारखा फोम असतो त्याला फेविक्विक चालतं. आधी आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा.

महाड-पोलादपूरच्या बाजारात हे सामान मिळेल या भरवशावर राहू नका. पुण्या-मुंबईतल्या दुकानांतून ऑनलाइन मागवावं लागतं. परदेशी साईटवरून तयार विमान मागवायच्या फंदात पडू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे, सुट्या भागांवर ती नाही. पण कस्टममध्ये पार्सल अडकलं तर विमान आहे की ड्रोन हे तिथे समजावत बसायची वेळ येईल. भारतातल्याच दुकानातून घ्या, बिल घ्या, आणि पंख, शेपूट, प्रोपेलर सुटे मिळतात का हे आधी विचारा. सुटा पंख मिळत नसेल तर ते विमान घेण्यात अर्थ नाही.

बॅटरी : इथे हलगर्जी नको

या विमानांत लिपो बॅटरी असते. मोबाइलच्या बॅटरीच्याच जातीची, पण एका झटक्यात खूप जास्त करंट देणारी आणि वर कडक कवच नसलेली. टोचली, चेपली, जास्त चार्ज झाली तर पेट घेते. आपल्याकडे लाकडी माळा, गवताची वैरण आणि शेजारीच सरपण असतं. त्यामुळे हा भाग दोनदा वाचा.

पहिल्या विमानाला बहुतेक तीन सेलची, ११.१ व्होल्टची बॅटरी लागते. प्रत्येक सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट. उडवून उतरल्यावर ३.७ च्या आसपास असावी, ३.५ च्या खाली नेऊ नका. प्रत्येक सेल वेगळा मोजून चार्ज करणारा बॅलन्स चार्जरच वापरा. मोबाइलचा किंवा गाडीच्या बॅटरीचा चार्जर जुगाड करून लावू नका. चार्जिंग ओट्यावर नाही, गादीवर तर मुळीच नाही. जांभ्या चिऱ्यावर किंवा मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवा, शेजारी वाळूची बादली ठेवा आणि माणूस समोर बसलेला असू द्या. रात्री लावून झोपायचं नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, ‘अजून एक फेरी होईल’ म्हणायचं नाही.

गणपतीला विमान घरी आलं तर भात उभं असतं, पाऊस असतो. उडवायला दोन महिने जातील. तोवर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका. चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाची सोय असते, ती प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या जवळ आणून ठेवते. पूर्ण भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर फुगते.

हे दोन महिने फुकट घालवू नका

सिम्युलेटरवर हात बसवा. कॉम्प्युटरसाठी पिकासिम हा फुकट आहे. रिमोट वायरने जोडता आला तर खऱ्या काठ्यांवरच सराव होतो. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. जाताना जी काठी उजवीकडे ढकलली की ते आपल्या उजवीकडे वळतं, तीच येताना त्याला आपल्या डावीकडे नेते. यावर जुन्या लोकांची एक युक्ती आहे. येताना विमानाचा जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला काठी ढकलायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय. सिम्युलेटरवर दहा-बारा तास हे केलं की अंगवळणी पडतं. तिथे शंभर विमानं पाडा, खर्च शून्य.

कुठे आणि कधी उडवायचं?

भातकापणी झाल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे. पण कापलेल्या खाचरात लगेच वाल-पावटा पेरला जातो, तिथे विमानामागे धावत जाऊन दुसऱ्याचं पीक तुडवू नका. पडीक माळ शोधा, मालकाला विचारा. किमान शंभर-दीडशे मीटर मोकळं हवं. गवत गुडघाभर असेल तर उलट बरं, उतरताना गादीसारखं काम करतं.

वेळ सकाळची. ऊन तापलं की खोऱ्यात वारे सुरू होतात आणि दुपारनंतर समुद्राकडचा वारा डोंगरापर्यंत येतो. झाडाची पानं सतत हलत असतील तर त्या दिवशी विमान घरीच. डोंगराच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून तिथे उडवावंसं वाटतं, पण डोंगरावरून येणारा वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली पडतो आणि विमान दाबतो. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. घारी कधीकधी विमानावर झेपावतात. तसं झालं तर खाली उतरवा, तिच्याशी खेळू नका.

विजेच्या तारांपासून लांब. विमान तारेवर किंवा खांबावर अडकलं तर बांबूने काढायला जाऊ नका, ओल्या बांबूतून करंट येतो. पोरांना त्या खांबाजवळ जाऊ देऊ नका. महावितरणच्या वायरमनला कळवा, तो लाइन बंद करून काढेल. विमान दहा हजारांचं असो की वीस.

बघायला गर्दी होणारच. सगळ्यांना उडवणाऱ्याच्या पाठीमागे उभं करा. बॅटरी जोडली की प्रोपेलर कधीही फिरू शकतो असं समजूनच विमान धरा, बोटं तुटू शकतात. घरात तपासणी करताना प्रोपेलर काढून ठेवा.

कायदा काय म्हणतो?

ड्रोन नियम २०२१ मध्ये रिमोटची विमानंही येतात. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला वेगळा प्रकार धरला आहे. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोपर्यंतचं विमान धंद्यासाठी वापरत नसाल तर पायलट लायसन्स लागत नाही. नोंदणी आणि नकाशा मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. नकाशात हिरवा भाग असेल तर १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. मंत्र्यांचा दौरा असेल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी. रायगड, प्रतापगडावर विमान न्यायचंच नाही, तिथे वारसास्थळाचे नियमही लागतात आणि पर्यटकांची गर्दीही असते. आणि माघ वद्य नवमीच्या आसपास नरवीर तानाजी मालुसरे यांच्या पुण्यतिथीला उमरठला समाधीपाशी माणसं जमतात, त्या दिवसांत गावावरून विमान उडवू नका. लोकांच्या डोक्यावरून उडवायचंच नाही, हा नियम बाकी वर्षभर.

ज्या पोराला यात खरोखर गोडी लागेल त्याला पुढे वाट आहे. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात. आयआयटी मुंबईत विद्यार्थ्यांचा एरोमॉडेलिंग क्लब आहे. आपल्याच मराठी माणसाचं, वैमानिक अमोल यादव यांचं उदाहरण घ्या. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर माणूस बसेल असं खरं विमान बनवलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं.

पार्सल आल्यावर

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. तुटलेलं निघालं तर बदलून घ्यायला तोच पुरावा. विमान जोडलं की बॅटरी आत ठेवून पंखाच्या खाली दोन बोटं लावून उचला. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, रुंदीच्या पाव ते तिसऱ्या भागात, बोटं ठेवल्यावर विमान समतोल राहिलं पाहिजे. किंवा नाक किंचित खाली. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. शेपूट जड असलेलं विमान कुणालाच आवरत नाही, अनुभवी माणसालाही.

मग विमानाच्या मागे उभे राहा. काठी उजवीकडे केली की उजव्या पंखावरची पट्टी वर गेली पाहिजे, डावी खाली. विमानाला फक्त तीन चॅनेल असतील तर शेपटाची उभी पट्टी उजवीकडे वळली पाहिजे. काठी आपल्याकडे ओढली की शेपटाची आडवी पट्टी वर. उलटं होत असेल तर रिमोटमध्ये ‘रिव्हर्स’ची सोय असते. प्रोपेलर काढून रिमोट बंद करून बघा. मोटर थांबली पाहिजे. थांबत नसेल तर ‘फेलसेफ’ लावून घ्या, नाहीतर सिग्नल तुटल्यावर विमान सुसाट निघून जाईल. शेवटी एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने रिमोट घेऊन रिमोटच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर जाऊन पट्ट्या हलवून बघायच्या. सगळं बरोबर हललं की वाऱ्याकडे तोंड करून, मोटर पाऊणपट सोडून, विमान सरळ आणि सपाट फेकायचं. वर नाही, भाला फेकतो तसं समोर. तीस-चाळीस मीटर उंची मिळाली की मोटर अर्ध्यावर आणा आणि मोठे, निवांत गोल घ्या. पहिल्या दिवशी चार मिनिटांनी उतरवा.